यकृताचे आजार (लेखांक ६) : हेपटायटिस सी आपोआप बरा होतो तेव्हा

हेपटायटिस सीचा विषाणू रक्तातून रक्तात जातो. एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला टोचली, न तपासलेले रक्त चढवले, की त्याला वाट मिळते. श्रीगोंदा तालुक्यात कावीळ म्हटली की ती बहुधा दूषित पाण्यातून आलेली ए किंवा ई असते. सी त्या मानाने विरळा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९९९ साली पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील पाहणी प्रसिद्ध केली, तीत या विषाणूची प्रतिपिंडे हजारात जेमतेम एकाच्या रक्तात आढळली होती.

लागण झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत विषाणू रक्तात सापडतो, पण माणसाला काहीच जाणवत नाही. हा विषाणू यकृताच्या पेशी स्वतः फारशा मारत नाही. पेशीला त्याची चाहूल लागते, इंटरफेरॉन हे विषाणूला रोखणारे प्रथिनही तयार होते. मात्र धोक्याचा निरोप पुढे नेणारे प्रथिनच विषाणूचे एक विकर कापून टाकते. त्यामुळे पहिली फळी अपुरी पडते.

खरी लढाई टी-पेशींची, आणि त्या यकृतात पोहोचायला पाच ते नऊ आठवडे लागतात. त्या विषाणूने व्यापलेल्या पेशी मारू लागल्या की रक्तातील एसजीपीटी हे यकृताचे विकर एकदम वर जाते, काहींचे डोळे पिवळे होतात. म्हणजे कावीळ हे बरेचसे प्रतिकाराचेच लक्षण. लागण झालेल्यांपैकी थोड्यांनाच ती होते, पण ज्यांना होते त्यांच्यातून विषाणू हद्दपार होण्याची शक्यता अधिक असते.

एकंदरीत सुमारे ३० टक्के लोक सहा महिन्यांच्या आत औषधाविना विषाणूमुक्त होतात. वेगवेगळ्या गटांत हे प्रमाण १५ ते ४५ टक्के भरते. स्त्रियांमध्ये ते जास्त आहे. इंटरफेरॉन लॅम्डाच्या जनुकाजवळचा एक अनुकूल फरकही यात मोठा वाटा उचलतो, हे २००९ मध्ये उघड झाले. उरलेल्यांत मदतनीस टी-पेशींचा जोर ओसरतो आणि त्यांच्या आधाराविना मारक टी-पेशी थकतात. शिवाय जुनाट आजारात दिवसाला सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात आणि नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त होत नाहीत. ओळखू न येणारे रूप त्यातूनच निघते.

काविळीची माळ इथेच फसवते. वनस्पतीच्या ओल्या काड्या दोऱ्यात गुंफून ती डोक्यावर ठेवतात. काड्या सुकून आक्रसतात, गाठी सैल पडतात, माळ लांबत छातीवर, मग पोटावर येते. घरचे म्हणतात, कावीळ उतरली. कावीळ नसलेल्याच्या डोक्यावरही ती तशीच लांबेल. ए आणि ई शरीर बहुधा स्वतःच निपटते, म्हणून श्रेय माळेला जाते. सीमध्ये मात्र डोळे पांढरे झाले तरी विषाणू यकृतात राहू शकतो आणि वीस-तीस वर्षांनी सिरॉसिस होऊन पुढे येतो.

प्रतिपिंडांची तपासणीही याचा निवाडा करत नाही. ती साधारण आठ ते अकरा आठवड्यांनी दिसू लागतात आणि बरे झाल्यावरही वर्षानुवर्षे राहतात. रक्तदान शिबिरानंतर तपासणी पॉझिटिव्ह निघाली, तर आजार चालू आहे की होऊन गेला, हे आरएनए चाचणीच सांगते. तीही एकदा निगेटिव्ह आली म्हणून पुरत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत विषाणूचे प्रमाण खाली जाऊन पुन्हा वर येते, म्हणून काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते.

पूर्वी आपोआप बरे होण्याची काही महिने वाट पाहत, कारण औषध म्हणून दिली जाणारी इंटरफेरॉनची इंजेक्शने सोसणे अवघड होते. आता सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या गोळ्या १२ आठवडे घेऊन ९० टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात, त्यामुळे ताटकळण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत.

बरे झाल्याने कायमचे संरक्षण मात्र मिळत नाही, आणि लसही नाही. दूषित सुईतून पुन्हा लागण होऊ शकते. आपोआप बरे झालेल्यांत स्मृती असलेल्या टी-पेशी दुसऱ्या खेपेस लवकर जाग्या होतात. अशा वेळी विषाणू सहसा कमी वाढतो आणि अनेकांत लवकर निघूनही जातो.