जुन्या रिव्हॉल्व्हरची किंमत कशात असते?

अमेरिकेच्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्या मंडळींना शनिवारचे ‘इस्टेट सेल’ परिचयाचे आहेत. एखादे वृद्ध जोडपे घर मोडते आणि कपबशांपासून पियानोपर्यंत सारे विक्रीस निघते. त्यात कधी कधी एखादे जुने रिव्हॉल्व्हरही असते. इतिहासाची आवड असलेल्याला मोह होतो. पण या वस्तूची किंमत ठरते कशी, हे ठाऊक नसेल तर मोह महागात पडतो. म्हणून अमेरिकेतल्या सर्वांत प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरच्या, म्हणजे कोल्टच्या ‘सिंगल ॲक्शन आर्मी’च्या आधारे हा विषय समजून घेऊ.

सॅम्युएल कोल्टला अमेरिकेत फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचे पेटंट १८३६ साली मिळाले. न्यू जर्सीतील पॅटरसनचा त्याचा पहिला कारखाना काही वर्षांतच बुडाला. पुढे हार्टफर्ड येथे जम बसला. कोल्ट १८६२ साली वारला, म्हणजे १८७३ साली सैन्याने स्वीकारलेले हे मॉडेल त्याने पाहिलेलेच नाही. सैन्यासाठीच्या रिव्हॉल्व्हरची नळी साडेसात इंची, आणि चक्रात सहा घरे. सैन्याने १८९१ पर्यंत असे सुमारे ३७,००० नग घेतले. नागरिकांना विकलेले धरून १९४०च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत साडेतीन लाखांवर नग तयार झाले होते. १९५६ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. संग्राहक ‘पहिली पिढी’ म्हणतात ती १९४०च्या आधीची.

म्हणजे वस्तू तशी दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे तो न बदललेला नग. या रिव्हॉल्व्हरचे भाग सुटे होतात. शंभर वर्षांत कोणी नळी बदलली, कोणी मूठ, कोणी स्प्रिंग. असे हत्यार काम चोख करील, पण संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत पुष्कळ उतरते.

मूळ भाग ओळखण्याची पहिली खूण म्हणजे क्रमांक. तो सांगाड्यावर, चापाच्या कड्यावर आणि मुठीच्या पाठपट्टीवर कोरलेला असतो. हे तिन्ही जुळले पाहिजेत. सुरुवातीच्या सैनिकी नगांत नळीवर आणि चक्रावरही क्रमांक सापडतो, आणि लाकडी मुठीच्या आतल्या खाचेत तो शाईने लिहिलेला असतो. सरकारी तपासनिसांची आद्याक्षरेही पाहतात. ऑर्व्हिल एन्सवर्थ हा सुरुवातीच्या काळातला तपासनीस. त्याच्या ‘ए’ या अक्षराचे नग मागणीत असतात आणि म्हणूनच ते अक्षर खोटे ठोकण्याचे उद्योगही चालतात.

मात्र क्रमांक जुळत नाहीत म्हणजे फसवणूकच, असे नव्हे. १८९५ ते १९०३ या काळात सैन्याने जुने नग परत मागवून नळ्या साडेपाच इंचांवर कापल्या. ते करताना एकाचे भाग दुसऱ्याला बसले. संग्राहक यांना ‘आर्टिलरी मॉडेल’ म्हणतात. यांतल्या बहुतेकांत क्रमांकांची सरमिसळ हीच अस्सलपणाची खूण आहे. तेव्हा प्रश्न ‘भाग जुळतात का?’ एवढाच नसून ‘कोणी, केव्हा आणि का बदलले?’ हा आहे.

दुसरी गोष्ट झिलई. नळी निळसर काळी असते. सांगाडा हाडांच्या कोळशात तापवून पाण्यात विझवलेला, त्यामुळे त्यावर निळ्या-तपकिरी रंगांचे ढग उमटतात. हे रंग वापराने आणि उन्हाने उडतात. नॅशनल रायफल असोसिएशनने जुन्या शस्त्रांच्या श्रेणी ठरवल्या आहेत, त्या बोलक्या आहेत. मूळ झिलई ८० टक्क्यांहून अधिक असेल तर ‘एक्सलंट’, ३० टक्क्यांहून अधिक असेल तर ‘फाइन’. पण झिलई पार उडालेली असूनही सर्व भाग मूळचे असतील, तरी ते हत्यार ‘व्हेरी गुड’ ठरू शकते. भाग बदलले की ते त्याहून खाली येते.

इथे आपल्याला एक सवय आवरावी लागते. सणाला तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून लखलखीत करणे हे आपल्या हाडीमासी खिळले आहे. जुन्या रिव्हॉल्व्हरला तो न्याय लावू नये. पॉलिशच्या चाकावर दहा मिनिटे धरले की कडा गोल होतात, अक्षरे पुसट होतात आणि उरलेली मूळ झिलई जाते, ती कायमची. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी, पातळ तेलाचा हात फिरवावा, बस्स. खंडेनवमीला पुजायचे असेल तर हळदकुंकू पाटाला वाहावे, पोलादाला नको.

तिसरी गोष्ट कागद. २०२१ साली लॉस एंजेलिस येथे बॉनहॅम्सच्या लिलावात याच मॉडेलचा एक नग ६० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. शेरीफ पॅट गॅरेटने १८८१ साली बिली द किडला ज्याने मारले, ते हे हत्यार. ते कोणाकडून कोणाकडे गेले याची कागदपत्रे होती, म्हणून ही किंमत आली. पुराव्याविना ‘आजोबा सांगत असत’ या वाक्याला बाजारात मोल नाही. कोल्टच्या दप्तरातून शुल्क भरून पत्र मिळते. त्यात मूळ नोंद सापडल्यास नळीची लांबी, झिलई, रवानगीची तारीख आणि ठिकाण कळते. मोठी रक्कम मोजण्यापूर्वी ते मागवावेच. इटलीत बनलेल्या उत्तम प्रतिकृती जुन्या भासवूनही विकल्या जातात.

आता आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनवलेले असे शस्त्र ‘अँटिक’ गणले जाते. त्यानंतरचे मात्र सर्वसाधारण बंदूकच. एच-१ सारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे बाळगणे, काही अपवाद सोडले तर, संघीय गुन्हा आहे. या रिव्हॉल्व्हरची काडतुसे आजही बनतात. त्यामुळे शस्त्र ‘अँटिक’ असले तरी सोबत मिळालेला काडतुसांचा डबा अडचणीत आणू शकतो. ग्रीन कार्ड धोक्यात घालण्याजोगा कोणताही छंद नसतो. राज्यांचे कायदे वेगळे आणि काही ठिकाणी फार कडक आहेत. वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. भारतात नेण्याचा विचार तर परवान्याशिवाय मनातही आणू नये.

आणि सुरक्षितता. जुने हत्यार रिकामेच असेल असे धरून चालू नये. जाणकाराकडून सहाही घरे तपासून घ्यावीत. धूरविरहित दारूसाठी कोल्टने या मॉडेलची हमी १९०० सालापासून दिली. त्याआधीच्या नगातून आजचे काडतूस उडवणे म्हणजे हात गमावण्याची तयारी. घरात मुले असतील तर कुलूपबंद पेटी हवीच.

ज्याला हे सारे जाचक वाटेल, त्याने नाणी किंवा तिकिटे जमवावीत. ज्याला वाटणार नाही, त्याने खरेदीआधी दोन-तीन संग्रहालये पाहावीत, अस्सल नग डोळ्यांत साठवावेत आणि घाई करू नये. खरा नग शंभराहून अधिक वर्षे थांबला आहे. तो आणखी एक महिना थांबेल.