हौदातल्या मंडळींची थंडी

दिवाळीचे अभ्यंगस्नान उरकले, की रजया उन्हात पडतात, स्वेटर ट्रंकेतून बाहेर येतात. घरातल्या लहानथोरांची सोय होते. परसातल्या हौदातली मंडळी तेवढी विसरली जातात! जिंतूरसारख्या गावी ही विसर महागात पडते. मराठवाडा उन्हाचा खरा, पण परभणीच्या कृषी विद्यापीठातील नोंदींत पारा पाच अंशांच्याही खाली उतरलेला आहे.

आपल्याकडच्या हौदांत बहुधा गप्पी मासे असतात. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून हिवताप खात्याची माणसे ते सोडून जातात. हा पाहुणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा आणि त्रिनिदाद बेटाचा. त्याचे नावही तेथल्या गप्पी नावाच्या गृहस्थांवरून पडले. उबदार पाण्यात वाढलेला हा जीव पाणी पंधरा अंशांखाली गेले की मलूल होतो, दहाच्या आसपास दगावतो. गप्पी गेले की उन्हाळ्यात डास आलेच, आणि डासांमागून डेंग्यू! सोनेरी मासा मात्र चीनकडचा, थंडीला सरावलेला.

थंड मुलखात तळी वरून गोठतात, तरी तळाशी मासे जगतात. कारण पाणी चार अंशांना सर्वांत जड होऊन खाली बसते. आपल्या हौदावर बर्फ धरत नाही, पण उथळ हौद एका रात्रीत तळापर्यंत गारठतो. विहिरीचे पाणी पहाटे कोमट लागते, ते तिच्या खोलीमुळे. म्हणून थंडीत हौद काठोकाठ भरलेला ठेवावा. रात्री त्यावर गोणपाट टाकावे, सकाळी ऊन आले की काढावे.

दया येऊन बंबातले कढत पाणी मात्र ओतू नये. माशाला थंडीइतकाच एकाएकी झालेला बदल बाधतो. नळाचे पाणी दिवसभर बादलीत ठेवून, थोडे थोडेच घालावे.

दुसरी चूक लाडाची. मासा थंड रक्ताचा. गारठ्यात त्याचे पचन मंदावते. सुटीवर आलेली नातवंडे पोळीचे तुकडे टाकीत राहिली, तर ते तळाशी कुजतात आणि पाणी विषारी होते. गार पाण्यात प्राणवायू पुष्कळ असतो; दहा अंशांच्या पाण्यात तीस अंशांच्या पाण्याहून सुमारे दीडपट. तेव्हा मासे गुदमरतात ते बहुधा या घाणीने. दुपारी, चिमूटभर, तेही मासे हालचाल करीत असतील तरच द्यावे.

आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे बियाणे राखणे. पाचसहा गप्पी रुंद तोंडाच्या बरणीत घालून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवावेत. मादी नराचे बीज कित्येक महिने पोटात साठवते आणि सुमारे महिन्याला एक वेत देते. म्हणजे एक मादी जगली तरी होळीनंतर हौद पुन्हा भरतो. वाढलेले मासे शेजाऱ्यांच्या हौदाला द्यावेत. पूर्णेत किंवा येलदरीच्या जलाशयात सोडू नयेत. तेथल्या माशांना या परक्या पाहुण्याचा उपद्रव होतो.

गृहिणी विरजण राखून ठेवते, तशीच ही बरणी. थंडीचे दोन महिने सांभाळली की वर्षभराची चिंता मिटली.