आल्टा, नर्मदा आणि तीन मिनिटांचं गाणं

१९ एप्रिल १९८० रोजी हॉलंडमधल्या द हेग शहरात युरोव्हिजन गीतस्पर्धेचा पंचविसावा सोहळा झाला. एकोणीस देशांची एकोणीस गाणी. त्यात नॉर्वेतर्फे दोघे उभे राहिले. एक स्वेर्रे शेल्सबर्ग, त्रोम्सो शहरातल्या 'द पुसीकॅट्स' या जुन्या बँडचा गायक. दुसरा मात्तिस हेत्ता, नॉर्वेच्या उत्तर टोकाकडच्या कौटोकेनो भागातला, सामी या आदिवासी समाजातला विशीतला तरुण. शेल्सबर्ग नॉर्वेजियन भाषेत गायला आणि हेत्ताने योइक धरला. योइक हा सामींचा पिढीजात गायनप्रकार. मिशनऱ्यांनी तो पाखंड ठरवला होता आणि सामी भागातल्या शाळांत तो गाण्याला मनाई होती. ज्या देशाच्या शाळेत तो म्हणता येत नव्हता, त्याच देशाने तो आता आपलं गाणं म्हणून युरोपभर ऐकवला.

गाण्याचं नाव 'सामिद एद्नान', म्हणजे सामींची भूमी. चाल शेल्सबर्गची, शब्द राग्नार ओल्सेन यांचे. हे निसर्गवर्णन नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १९७९ मध्ये, सामी तरुणांनी ओस्लोला संसदेसमोर आपला तंबू ठोकून उपोषण केलं होतं आणि गाण्यात त्याचा उल्लेख आहे. उपोषण कशासाठी? आल्टा नदीवर सरकार वीजनिर्मितीसाठी धरण बांधायला निघालं होतं. मूळ आराखड्यात मासी हे सामींचं अख्खं गावच पाण्याखाली जाणार होतं. ते गाव १९७३ मध्ये आराखड्यातून वगळलं गेलं, पण रेनडिअरची कुरणं आणि सामन मासे यांचा प्रश्न शिल्लक राहिला. मासी हे हेत्ताच्या कौटोकेनो तालुक्यातलंच गाव.

नंदुरबारच्या वाचकाला पुढची गोष्ट सांगावी लागत नाही. आल्टाचं उपोषण झालं त्याच वर्षी, डिसेंबर १९७९ मध्ये, नर्मदा जलविवाद लवादाचा अंतिम निवाडा राजपत्रात आला. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची उंची ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर, त्यात ठरली. त्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं येणार होती, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, भिल्ल आणि पावरा वस्तीची. हे तालुके तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. मणिबेली हे महाराष्ट्राच्या बाजूचं पहिलं बुडणारं गाव. पुढे मेधा पाटकर आणि नर्मदा बचाओ आंदोलन, जागतिक बँकेने नेमलेली मोर्स समिती, मार्च १९९३ मध्ये बँकेचं अंग काढून घेणं, १८ ऑक्टोबर २००० चा सर्वोच्च न्यायालयाचा धरणाच्या बाजूचा निकाल, जून २०१७ मध्ये बंद झालेले धरणाचे दरवाजे, हे सगळं या अंकाच्या वाचकांना ठाऊक आहे.

मला यातली एकच बाजू तपासायची आहे. धरणं दोन्हीकडे झाली. लढेही दोन्हीकडे झाले, आणि लढ्यात गाणीही होती. मग एका नदीचं गाणं देशाचं अधिकृत गाणं म्हणून टीव्हीवर गेलं आणि दुसऱ्या नदीचं मोर्चातच राहिलं, हे कसं?

नॉर्वेचं मन मोठं होतं, असं उत्तर द्यायला मी तयार नाही. जानेवारी १९८१ मध्ये याच सरकारने आल्टाच्या आंदोलकांना हटवायला सुमारे सहाशे पोलीस पाठवले. १९८२ मध्ये तिथल्याही सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि १९८७ पर्यंत धरण पूर्ण झालं. फरक होता तो निवडीच्या पद्धतीत. युरोव्हिजनला कोण जाणार हे नॉर्वेत 'मेलोडी ग्रां प्री' या जाहीर, टीव्हीवर दिसणाऱ्या फेरीतून ठरतं. गाणं नवं हवं, तीन मिनिटांत संपायला हवं. नियम सगळ्यांना एकच. त्या दारातून एक सामी योइक आत शिरला. शिवाय दोनच वर्षांपूर्वी, १९७८ ला, यान टाइगन या नॉर्वेच्या गायकाला शून्य गुण मिळून देशाची थट्टा झाली होती. गमावण्यासारखं फार नसलं की माणसं धाडस करतात, टीव्हीवालेही.

आता आपल्याकडे. भारताच्या नावाने टीव्हीवरच्या आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेत उभा राहिलेला मराठी गायक म्हणजे अभिजीत सावंत. मार्च २००५ मध्ये तो पहिला 'इंडियन आयडल' झाला. एसएमएसने मत द्यायचे ते दिवस. घराघरांतल्या मोबाइलचा बॅलन्स त्या मतांपायी संपला असेल. डिसेंबर २००७ मध्ये जकार्तात 'एशियन आयडल' झालं. भारत, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि व्हिएतनाम या सहा देशांचे विजेते तिथे जमले आणि भारतातर्फे अभिजीत गेला. मोठ्या देशाने आपल्याच मतांवर बाजी मारू नये म्हणून प्रेक्षकाने एक नव्हे, दोन नावांना मत द्यायचं, असा नियम होता. जिंकला सिंगापूरचा हादी मिर्झा. सहांत सगळ्यांत लहान देश पहिला आला आणि शंभर कोटींच्या देशाला आपल्या संख्येचा उपयोग झाला नाही. युरोव्हिजनमध्येही हेच तत्त्व आहे: जर्मनीचे बारा गुण आणि माल्टाचे बारा गुण सारखेच, आणि स्वतःच्या देशाला मत देता येत नाही.

अभिजीतबद्दल आपल्याला अभिमान वाटला तो योग्यच होता. पण घर मराठी, शहर मुंबई आणि ओळख हिंदी गाण्यांची, हा त्याचा रस्ता पाहून ठेवा. भारताच्या गाण्याला दुसरा रस्ता अजून फुटलेला नाही. २० सप्टेंबर २०२५ ला मॉस्कोत 'इंटरव्हिजन' झालं. युक्रेनयुद्धामुळे २०२२ मध्ये युरोव्हिजनमधून वगळल्या गेलेल्या रशियाने आपला जुना सोव्हिएतकाळचा उत्सव पुन्हा उभा केला. भारतातर्फे रौहान मलिक 'इश्क' हे गाणं घेऊन गेला. जिंकला व्हिएतनामचा डुक फुक, आपल्याच देशातल्या एका दंतकथेतल्या वीराचं गाणं गाऊन. मलिकच्या गळ्याबद्दल माझी तक्रार नाही. पण देशभर फेऱ्या घेऊन, लोकांसमोर तुलना करून ती निवड झालेली नव्हती, आणि गाण्याच्या नावावरूनच कळतं की ते हिंदी सिनेमाच्या हमरस्त्यावरचं आहे.

सरकारी टीव्हीचा अनुभवही वेगळा नाही. १५ ऑगस्ट १९८८ ला दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' लागलं. भीमसेन जोशींनी सुरुवात केली, चौदा भाषा आल्या, त्यात मराठीही आली. आदिवासी भाषा एकही नव्हती. २००३ मध्ये बोडो आणि संथाळी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात गेल्या. भिली अजूनही बाहेर आहे. २०११ च्या जनगणनेत भिली आणि तिच्या जवळच्या बोली आपली मातृभाषा म्हणून सांगणारे लोक एक कोटी चार लाख भरले. संपूर्ण नॉर्वेची लोकसंख्या सुमारे ५५ लाख आहे, आणि सामींची त्यातली संख्या काही दहा हजारांत मोजण्याजोगी. संख्या कमी पडली म्हणून आपलं गाणं गेलं नाही, असं कुणी सांगू नये.

आणि गाण्याचाही तुटवडा नाही. होळीच्या आधी धडगाव भागात भोंगऱ्याचे बाजार भरतात. अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, तोवर रात्रभर ढोल वाजतात. कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगावर पांढरे ठिपके काढलेले नाचणारे. ढोल एवढा मोठा की वाजवणाऱ्याचा छातीपासून मांडीपर्यंतचा भाग त्याच्या आड जातो. पावरीचे सूर, मांदळाचा ताल. हे तीन मिनिटांत बसेल का, अशी शंका घेतली जाते. बसेल. योइकही तीन मिनिटांचा नव्हता, त्याला तर ठरलेला शेवटही नसतो, तो बसवला. जीवनशाळांमधली मुलं आज आपल्या बोलीत गातात. नर्मदेच्या काठी चिमलखेडी, निमगव्हाण इथे आंदोलनाने या शाळा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला काढल्या.

मग अडतं कुठे? शहाद्याच्या वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता वाचलेल्यांना उत्तर आधीच माहीत आहे. स्टेजवर बोलावलं जात नाही, आणि वर बसलेले आपलंच दुःख आपल्याला ऐकवतात, असा त्या कवितेचा रोख आहे. आदिवासी गाणं आपल्या टीव्हीवर येतं ते प्रजासत्ताक दिनाच्या पथकातलं 'लोकनृत्य' म्हणून. गाणाऱ्याचं नाव पडद्यावर नसतं, भाषेचंही नसतं. काठीच्या होळीच्या बातम्या दरवर्षी दिसतात. त्यात टोप दिसतो, घुंगरू दिसतात, गाण्याचे शब्द कुणी विचारत नाही.

द हेगच्या गाण्याने चमत्कार केला नाही, हेही नोंदवलं पाहिजे. नॉर्वेला १५ गुण आणि सोळावा क्रमांक मिळाला. सामींना खरं काही मिळालं ते आंदोलनातून: १९८७ चा सामी कायदा, १९८९ मध्ये सुरू झालेली सामी संसद. गाणं त्या बदलाचं कारण नव्हतं, पण सामी नावाचे लोक आहेत आणि त्यांना काही म्हणायचं आहे, हे त्याने घराघरांत पोचवलं. २०१९ मध्ये तेल अवीवला 'केइनो' या नॉर्वेच्या त्रिकुटात फ्रेड बुल्यो योइक गायला. प्रेक्षकांनी सर्वाधिक २९१ गुण दिले, परीक्षकांनी अवघे ४०, आणि एकूण क्रमांक सहावा. माझ्या मते त्या इंग्रजी गाण्यात योइक शोभेपुरता होता. १९८० चं गाणं अधिक प्रामाणिक होतं. पण अशा भाषा हरतातच असंही नाही. २०१६ मध्ये युक्रेनची जमाला क्रिमियन तातार भाषेतलं ध्रुवपद गाऊन जिंकली. फ्रान्सने ब्रेतॉन आणि कॉर्सिकन, एस्टोनियाने व्होरो भाषेत गाणी पाठवली. पॅरिसला ब्रेतॉन भाषेचं वावडं शतकभर होतं, तरी.

मॉस्कोतच जाहीर झालं की पुढचं इंटरव्हिजन सौदी अरेबियात होईल. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाचा टीव्ही गीत महोत्सवही २०१२ पासून चालू आहे. तिथे तर स्पर्धाच नसते, हरण्याचीही भीती नाही, आणि प्रसार भारती त्या संघाची सदस्य आहे. मागणी साधी आहे. भारताचं गाणं पाठवण्यापूर्वी जिल्ह्याजिल्ह्यात जाहीर फेऱ्या घ्या, त्यातली एक धडगाव किंवा अक्कलकुव्याला घ्या, गाणं कुठल्याही भारतीय भाषेत चालेल असा नियम लिहून काढा आणि गाणाऱ्याचं नाव व त्याच्या भाषेचं नाव पडद्यावर दाखवा. खर्च एखाद्या रिअॅलिटी शोच्या झगमगाटापेक्षा नक्कीच कमी येईल. वाचकांनी हे पत्राने दूरदर्शनच्या मुंबई केंद्राला कळवावं, आणि नंदुरबारच्या लोकप्रतिनिधींनाही त्याची प्रत पाठवावी.