कार्ल्याची एकवीरा: आजारपणातला नवस

बोरघाट चढून खंडाळ्याला आलं की पर्यटकांच्या गाड्या राजमाची पॉइंटला थांबतात. कोळी-आगरी मंडळींना मात्र लोणावळा मागे टाकून आईच्या डोंगरावर जायचं असतं. कडेवर जावळ काढायचं बाळ, पिशवीत ओटी आणि घरातल्या कुणाच्या तरी दुखण्यात बोललेला नवस.

कार्ल्याच्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं, 38 मीटर लांबीचं चैत्यगृह आहे. छताच्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनं शिलालेखात त्याला जंबुद्वीपात उत्तम म्हटलंय आणि आत उभं राहिलं की ते खरंच वाटतं. एकवीरेचं देऊळ चैत्याच्या दारालगतच आहे. सोपारा-कल्याणचा माल याच अंगानं घाटावर येई. इतिहासकार दा. ध. कोसंबी मुंबईच्या नोकरीसाठी डेक्कन क्वीननं हाच घाट ओलांडत. मातृदेवतांची ठाणी जुन्या वाटांच्या कडेला सापडतात, हे त्यांनी 1962च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त मांडलं.

मला त्यापुढं वाटतं ते असं: वाटेनं माल येतो तशी साथही येते. म्हणून घाटमाथ्यावर पटकीची मरीआई, गोवराची गोवरबाई, देवीच्या रोगाची शीतला आणि बाळाच्या पाचवी-सहावीला सटवाई. रोग आणणारीही तीच, उतरवणारीही तीच. 1975 नंतर देशात देवीचा रोग उरला नाही, तरी शीतलेपुढचा नैवेद्य थांबलेला नाही. एकवीरा कुठल्या एका रोगाची देवी नव्हे. ती कुळाची आई, म्हणून सगळंच गाऱ्हाणं तिच्यापुढं.

ही माणसाची फार जुनी गरज आहे. आजच्या इराकमध्ये इसिन नावाचं नगर होतं. तिथली निनइसिना, म्हणजेच पुढं गुला म्हणून ओळखली गेलेली, वैद्यांची देवी. कुत्रा तिचं जनावर. लार्साचा राजा सुमुएल याला आयुष्य लाभावं म्हणून तिला वाहिलेला छोटा दगडी कुत्रा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, सुमारे 3,900 वर्षांपूर्वीचा. कार्ल्याला कोंबडं-बकरं वाहतात. मागणं तेच, आपल्या माणसाच्या जिवाचं.

चैत्र शुद्ध सप्तमीला पालखी निघते तेव्हा डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते. लेणं निवांत पाहायचं तर जत्रेचे दिवस टाळावेत. मळवली स्टेशनवर लोकल थांबते. देवळातून परस्पर खाली उतरू नये आणि लेणं पाहून देवळाकडे पाठ फिरवू नये. ही जागा दोन्ही मिळूनच कळते.