आप्पांच्या खोलीतला जॅक

आमचे आप्पा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. पाय मोडल्यापासून ते आतल्या खोलीतच असतात. माझी बहीण टोरांटोला. रविवारी सकाळी आठाला, म्हणजे तिच्याकडे शनिवारची रात्र असते तेव्हा, ती लॅपटॉपच्या पडद्यावर येते आणि बापलेकीचे बोलणे होते. पण गेल्या वर्षी असे होऊ लागले की तिचा चेहरा अर्ध्या वाक्यावर गोठायचा आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा तुटक यायचा. आप्पांना वाटे, तीच बोलायची थांबली. "काय गं, रागावलीस का?" असे ते त्या गोठलेल्या चेहऱ्याला विचारीत. एका रविवारी मला म्हणाले, "तिला सांग, आप्पा झोपलेत." ते टक्क जागे होते.

दोष आमच्या भिंतींचा. घर जुने, भिंती चौदा इंची. राउटर दिवाणखान्यात, तिथून आप्पांच्या पलंगापर्यंत तीन भिंती आणि एक लोखंडी कपाट. वायफाय म्हणजे शेवटी रेडिओलहरी. प्रत्येक भिंतीत त्या थोड्या थोड्या जिरतात, आणि लोखंडापाशी तर मागे फिरतात. मध्ये लावायची एक डबी आणून पाहिली. पण ती बिचारी ऐकलेलेच पुन्हा ओरडून सांगणार; तिलाच धड ऐकू येत नसेल तर सांगणार काय?

"बाबा, वायर टाकू," चिरंजीव म्हणाले. "भिंत फोडायची नाही. रंग देऊन वर्ष झालेलं नाही," सौ. म्हणाल्या. दोघांचे म्हणणे रास्त होते.

वायरमन आला. दिव्याच्या पाइपातूनच वायर ओढून देतो म्हणाला. दहा मिनिटांचे काम. या ठिकाणी मी हट्ट धरला आणि वाचकांनीही धरावा. विजेच्या पाइपात नेटवर्कची वायर कधीही घालू नये. संदेशात व्यत्यय येतो हे एक. पण कुठे आवरण सोलले गेले, तर २३० व्होल्ट थेट लॅपटॉपवर बसलेल्या माणसापर्यंत पोहोचतील, हे अधिक मोठे. नशिबाने जुन्या टेलिफोनची पाइप आतपर्यंत गेलेली होती. बंद पडलेल्या टेलिफोनच्या वायरीलाच नवी वायर बांधून त्याने पलीकडून हलके हलके ओढली. भिंतीला ओरखडासुद्धा आला नाही.

वायर घेतली कॅट-६. दुकानात स्वस्तातली दाखवतात, तिच्यात ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ती घेऊ नये. निखळ तांब्याचीच मागावी. भिंतीत जाते ती एकेरी, भरीव तारेची. जॅकपासून लॅपटॉपपर्यंतची लवचिक, बारीक तारांची. सारे मिळून अंतर १०० मीटरच्या आत हवे. घरात ही अडचण कोणाला येत असेल असे वाटत नाही.

खरी गंमत आवरण सोलल्यावर दिसते. आत आठ तारा, दोन दोन एकमेकींना पिळलेल्या: निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी आणि प्रत्येकीची पांढरी जोडीदारीण. हा पीळ शोभेचा नव्हे. बाहेरचा गोंगाट पिळलेल्या दोन्ही तारांना सारखाच लागतो. पलीकडचे यंत्र दोघींतला फरक तेवढा वाचते, म्हणून गोंगाट आपोआप वजा होतो. ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलची; १८८१ साली त्याने तिचे पेटंट घेतले. तेव्हा जॅकमध्ये तारा बसवताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये. जॅकच्या अंगावर रंगांचे 'ए' आणि 'बी' असे दोन क्रम छापलेले असतात. कोणताही घ्यावा, पण दोन्ही टोकांना तोच. आम्ही 'बी' घेतला.

तारा खाचेत दाबायचे छोटे हत्यार मिळते. चिरंजीवांनी ते हाती घेतले आणि अर्ध्या तासात दोन्ही जॅक बसवले. लॅपटॉप जोडला. चालला! मात्र वेग ९४ च्या वर जाईना. आम्ही पैसे भरत होतो २०० चे. चिरंजीव कंपनीला फोन लावायला निघाले. मी म्हटले, आधी आपले हात तपासू. शेजाऱ्यांकडून तपासणीची डबी आणली. तिच्यावर आठ दिवे क्रमाने लागतात. सातवा लागलाच नाही. पांढरी-तपकिरी तार खाचेत अर्धवट बसली होती. १०० च्या वेगाला चारच तारा पुरतात, हजाराच्या वेगाला आठही लागतात. एखादी निसटली की पुष्कळशी यंत्रे तक्रार न करता मुकाट्याने १०० वर उतरतात. माणसे वर्षानुवर्षे तशीच चालवून घेतात आणि कंपनीला नावे ठेवतात. तार पुन्हा दाबली, सातवा दिवा लागला.

पुढच्या रविवारी आठाला बहीण पडद्यावर आली. चित्र इतके स्वच्छ की तिच्यामागच्या खिडकीतला दिवा दिसत होता. आप्पा काही वेळ नुसते पाहत राहिले.

"आप्पा, दाढी किती वाढवलीत!" ती म्हणाली.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे न्हावी येतो. त्याला उशीर झाला की आप्पा अस्वस्थ होतात.