एका पौंडात शिलिंग किती?

लंडनच्या कोल हिल शाळेत सुझान नावाची पंधरा वर्षांची मुलगी शिकते आहे. विज्ञानात ती शिक्षकांच्याही चार पावले पुढे. पण एका पौंडाचे शिलिंग किती, हे कुठलेही इंग्रज पोर झोपेत सांगेल ते मात्र तिला येत नाही. इंग्लंडात दशमान चलन आहे, अशी तिची समजूत. ते अमेरिकेत, इथे नाही, असे तिला सुनावले जाते. तेव्हा ती ओशाळते आणि बोलून जाते, की खरेच, ते अजून सुरू व्हायचे आहे!

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मुलांसाठीच्या विज्ञान-साहस मालिकेचा हा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवला गेला. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झाली होती. त्या गदारोळात तो अनेकांचा हुकला, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पुन्हा दाखवावा लागला. आमच्या मुंबईत दूरदर्शन आले १९७२ मध्ये, तेव्हा लहानपणी हे पाहण्याचा प्रश्नच नव्हता. निवृत्तीनंतर लंडनच्या भाचीने डीव्हीडी आणून दिली, तेव्हा मी तो प्रथम पाहिला. आणि परवा नातीला शेजारी बसवून पुन्हा.

गोष्ट साधी आहे. इतिहासाच्या बाई आणि विज्ञानाचे सर या विचित्र मुलीच्या मागोमाग तिच्या पत्त्यावर जातात, तर तिथे घर नाही, भंगाराचे आवार. त्यात पोलिसांना फोन करण्यासाठी तेव्हा रस्त्यावर असायची तशी एक पेटी. आत पाऊल टाकावे, तर बाहेरून कपाटाएवढी दिसणारी ती पेटी आतून दिवाणखान्याहून ऐसपैस! ते काळात फिरणारे यान आणि सुझानचे खाष्ट आजोबा त्याचे चालक. इथे नात सावरून बसली. मी मात्र शिलिंगपाशीच अडकलो होतो.

बॅंकेत जन्म घालवलेल्या माणसाचे असेच व्हायचे. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. म्हणजे पौंडाचे पेन्स २४०. इंग्लंडने हे गणित सोडले १५ फेब्रुवारी १९७१ रोजी. लेखकाने फार मोठे भाकीत केले असे नव्हे. तिथल्या सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल १९६३ मध्येच आला होता. पण गंमत अशी, की भविष्यातून आलेल्या त्या पोरीला जे ठाऊक होते, ते तेव्हा आपल्याकडे शाळेतल्या पोरांना पाठ होते. आपला रुपया १ एप्रिल १९५७ पासूनच शंभर नव्या पैशांचा झाला होता.

अर्थात आपल्याकडेही ते सुखासुखी झाले नाही. चार आण्यांचे पंचवीस पैसे बरोबर जमत. पण एका आण्याचे सव्वासहा! म्हणून एकाचे सहा, दोनाचे बारा, तिनाचे एकोणीस असा तक्ता आला. वडिलांचे कऱ्हाडला किराणा दुकान होते. गल्ल्यामागे तो तक्ता मी मोठा होईपर्यंत टांगलेला होता. सहा-सहा नवे पैसे देऊन एकेक आण्याची वस्तू वेगवेगळी नेणारी हुशार गिऱ्हाइकेही होती म्हणे. मी १९८२ मध्ये बॅंकेत लागलो तरी काउंटरपलीकडचे म्हातारे ‘आठ आणे कमी आहेत’ असेच म्हणत. चलन बदलते, जीभ बदलत नाही. ‘सोळा आणे खरे’ आपण आजही म्हणतोच.

या भागाचा दिग्दर्शक कोण, हे पाहिल्यावर मी चष्मा पुसून नाव पुन्हा वाचले. वारिस हुसेन. जन्म लखनऊचा, आई इंग्रजीतल्या कादंबरीकार अतिया हुसेन. लहानपणीच इंग्लंडला गेलेले हे गृहस्थ तेव्हा अवघे २४ वर्षांचे. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट २७ च्या. त्या काळच्या बीबीसीत एक हिंदी नावाचा तरुण आणि एक तरुण बाई! दोघांनी केलेले पहिले चित्रीकरण विभागप्रमुख सिडनी न्यूमन यांना पसंत पडले नाही. यानाची दारे नीट लागत नव्हती, आजोबा फारच कडवट झाले होते. न्यूमननी दोघांना घरी न पाठवता सगळे पुन्हा करायला लावले. कर्जाचा प्रस्ताव नाकारताना तो नीट कसा मांडावा हे सांगणारे साहेब मी उभ्या नोकरीत दोनच पाहिले.

नव्या चित्रीकरणात सुझान थोडी मऊ, थोडी माणसातली झाली. या शाळेतले पाच महिने हा माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ, असे ती बाई आणि सरांना सांगते. तिला इथेच राहायचे आहे. ज्या वर्गात तिला वेड्यात काढतात त्याच वर्गात! आजोबा ऐकत नाहीत. बभ्रा होईल या भीतीने ते यान सुरू करतात, बाई आणि सरांसकट. नात एकदम म्हणाली, ‘‘आजोबा, तिला विचारलं का नाही कुणी?’’ तिची दोन वर्षांत दोनदा शाळा बदलली आहे, माझ्या मुलाच्या बदल्यांमुळे. मी रिमोट शोधत राहिलो.

वर्षभराने, १९६४ च्या डिसेंबरात, सुझानला मालिकेतून निरोप मिळाला. बाविसाव्या शतकातल्या उद्ध्वस्त लंडनमध्ये तिला एक तरुण भेटतो आणि आजोबा तिला तिथेच ठेवून निघून जातात. याही वेळी तिला न विचारता. तिथे पौंडाचे शिलिंग किती, हे तिला कुणी विचारले असेल असे वाटत नाही.