कापितांव-मोर: गोव्याच्या आरमाराचा सेनापती आणि पेडणे-डिचोलीचा मुलूख

सोळाव्या शतकात गोवा हे पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सर्व ठाण्यांचे मुख्य आरमारी ठिकाण बनले. व्हाइसरॉयच्या खालोखाल ज्या पदावर या सत्तेचे जगणे-मरणे अवलंबून होते, ते पद म्हणजे कापितांव-मोर, अर्थात एखाद्या आरमाराचा किंवा ठरावीक सागरी पट्ट्याचा सेनापती. गोव्याच्या इतिहासग्रंथांत व्हाइसरॉयांची नामावळी ठळकपणे येते. या सेनापतींचा विचार मात्र लढायांच्या वर्णनापलीकडे फारसा होत नाही. त्यांच्या अधिकाराची हद्द कोठे सुरू होई आणि कोठे संपे हे पाहू लागले की नजर पेडणे आणि डिचोली या महालांकडे वळते. कारण १५१० मध्ये गोवा बेट जिंकलेल्या सत्तेला, आपल्या गोदीपासून काही कोसांवर असलेला हा मुलूख कायमचा ताब्यात घेण्यास पावणेतीनशे वर्षे लागली.

हे पद एकच एक नव्हते. संपूर्ण हिंदी समुद्रासाठी नेमलेला सेनापती वेगळा, गुजरातपर्यंत जाणाऱ्या उत्तरेकडील आरमाराचा वेगळा आणि मलबार किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या आरमाराचा वेगळा. खुद्द आफोंसो द आल्बुकेर्क हा प्रथम अरबस्तानच्या किनाऱ्यासाठी सेनापती म्हणून निघाला होता. मार्तिम आफोंसो द सौझा १५३४ पासून हिंदी समुद्राचा सेनापती होता आणि १५४२ मध्ये गव्हर्नर झाला. १६०० मध्ये कुंजाली मरक्काराचा पाडाव करणारा आंद्रे फुर्तादो द मेंदोंसा हाही पुढे त्याच पदावर चढला. म्हणजे समुद्रावरील कामगिरी ही गोव्याच्या गादीकडे जाणारी एक वाट होती. परंतु गादीवर बसलेल्या व्हाइसरॉयच्या हुकुमाबाहेर पाऊल टाकण्याची मुभा सेनापतीला नसे, आणि पैसा, दारूगोळा व माणसे यांसाठी त्याला गोव्याच्या खजिन्याकडेच हात पसरावा लागे.

त्याचे वर्ष पावसाने बांधलेले होते. मृगाच्या आसपास मांडवीचा बारा, म्हणजे नदीमुखाची वाट, खवळून बंद होई. गलबते गोदीत घेतली जात, आणि पाऊस ओसरल्यावर वल्ह्यांची हलकी जहाजे पुन्हा बाहेर काढली जात. लढाईपेक्षा राखणीचे काम अधिक असे. गुजरातचे कापड आणि कानडा किनाऱ्याचा तांदूळ आणणारी व्यापारी गलबते काफिल्याने चालत आणि त्यांना सोबत करणे हे आरमाराचे नित्याचे कर्तव्य होते. तांदळाचा काफिला अडकला की गोवा शहराची चूल अडत असे. दुसरे काम कर्ताझ तपासण्याचे. कर्ताझ म्हणजे सागरी प्रवासाचा परवाना. त्यात जहाज, नाखवा, हत्यारे आणि माल यांची नोंद असे, आणि पोर्तुगीज ठाण्यावर जकात भरण्याची अट असे. परवाना नसलेले गलबत जप्त होई. ज्या समुद्रावर कोकणातले व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या मुक्तपणे वावरत आले होते, त्याच समुद्रावर जाण्यासाठी त्यांना परक्याची चिठ्ठी घ्यावी लागली. पोर्तुगीज सत्तेच्या सर्व अन्यायांत हा अन्याय, तलवारीपेक्षा कमी रक्त सांडणारा असला तरी, अधिक दूरवर पोचलेला होता.

या राखणीची जोखीम किती होती हे मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत दिसले. पहिला व्हाइसरॉय फ्रांसिश्कु द आल्मेदा याचा मुलगा लौरेंसो व्यापारी गलबतांना सोबत करीत तेथे आला असता इजिप्तचे आरमार आणि दीवच्या मलिक अयाझची जहाजे त्याच्यावर चालून आली. बाहेर पडताना त्याचे जहाज कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांत अडकले आणि तेथेच तो मारला गेला. पुढच्याच वर्षी बापाने दीवला सूड उगवला. पण खुल्या समुद्रावर तोफांच्या बळाने अजिंक्य ठरणारे आरमार खाडीत शिरल्यावर भरती-ओहोटीच्या आणि गाळाच्या स्वाधीन होते, हे चौलने दाखवून दिले.

डिचोलीच्या बाबतीत हेच वारंवार घडले. पोर्तुगीजांची गोदी आजच्या जुन्या गोव्यात मांडवीच्या काठी होती, समोर दिवाडी बेट आणि त्यापलीकडे डिचोली महालातील नार्वे. दिवाडीवरील सप्तकोटीश्वराचे देऊळ पाडले गेल्यावर देव नदीपार नार्व्याला नेण्यात आला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार केला. आशियातील एका बलाढ्य आरमाराच्या गोदीपासून इतक्या जवळ, अरुंद नदीच्या पलीकडच्या काठावर, त्या आरमाराच्या धन्यांचा धर्महुकूम चालत नव्हता. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने ओहोटीची वेळ साधून जुवे बेटावरचा किल्ला घेतला, आणि तो परत घेण्यास गेलेला व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर पराभूत होऊन माघारी आला. ओसरलेल्या पाण्यात सेनापतीची गलबते असून नसल्यासारखी होती.

तथापि नदीच्या तोंडावर बसलेल्याच्या हाती दुसरी एक किल्ली होती. पुढच्याच वर्षाच्या आरंभी औरंगजेबाचा मुलगा शाह आलम रामघाटाने उतरून डिचोलीत आला आणि त्याने ते शहर उद्ध्वस्त केले. परंतु समुद्रमार्गे येणारे धान्य मांडवीतून वर नेण्याच्या प्रश्नावर पोर्तुगीजांशी त्याचे बिनसले आणि त्याच्या फौजेचे अन्नावाचून हाल झाले. मांडवीच्या मुखावरील आग्वाद किल्ल्याच्या तोफांखालून गेल्याशिवाय डिचोलीला गलबत पोचत नव्हते. बारा राखणारा सेनापती डिचोलीवर राज्य करू शकत नव्हता, पण डिचोलीत असलेल्याची रसद तोडू शकत होता. त्याच्या अधिकाराचे खरे स्वरूप हे असे होते.

पेडण्याची गोष्ट निराळी, कारण या महालाला स्वतःचा समुद्र आहे. दक्षिणेला शापोरा, उत्तरेला तेरेखोल, आणि मध्ये हरमल-मोरजीचा किनारा. शापोरा नदी ही दीर्घकाळ बार्देशाची, म्हणजे पोर्तुगीज अंमलाची, उत्तर सीमा होती आणि तिच्या मुखावरील किल्ला हा सीमेवरचा पहारा होता. तेरेखोल नदी मात्र सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांची. त्यांची गलबते तिच्या मुखात आसऱ्याला राहत आणि त्यांच्या रक्षणासाठी उत्तर काठावरच्या टेकडीवर किल्ला बांधलेला होता. तेथून निघालेले गलबत आग्वादच्या वाटेवरील जहाजाला सहज गाठू शकत असे. त्यामुळे हे छोटे बंदर गोव्याच्या आरमाराला कायम सलत राहिले. १७४६ मध्ये व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेदा याने आधी पेडण्यातील शापोऱ्याकाठचा हळर्णचा किल्ला घेतला, त्यावरूनच त्याला पुढे 'आलोर्णाचा मार्किस' हा किताब मिळाला. आणि नोव्हेंबरमध्ये आरमार तेरेखोलच्या नदीत घालून, सावंतांच्या गलबतांचा मोड करून, २३ तारखेस किल्ला हस्तगत केला. डिचोली आणि पेडणे पुन्हा सावंतांकडे गेले, पण तेरेखोल फिरंग्यांकडेच राहिला. आज नदीच्या उत्तरेस, महाराष्ट्राच्या बाजूला, गोव्याचे एक गाव आहे आणि केरीहून तेथे फेरीबोटीने जावे लागते, याचे कारण ही आरमारी मोहीम होय.

इंग्रजांच्या राजाच्या नौदलातून आलेला अधिकारी या सेनापतीहून वेगळ्या घडणीचा होता. तो मुंबईच्या गव्हर्नराचा नोकर नसे, त्यामुळे गव्हर्नरापुढे त्याची मान ताठ राही. डिसेंबर १७२१ मध्ये कमोडोर थॉमस मॅथ्यूज आणि पोर्तुगीज व्हाइसरॉय यांनी मिळून कान्होजी आंग्र्यांच्या कुलाब्यावर चाल केली, तेव्हा अपयश येताच मॅथ्यूजने पोर्तुगीज अधिकाऱ्यांशी इतके उद्दाम वर्तन केले की युती मोडली आणि पोर्तुगीजांनी मराठ्यांशी स्वतंत्र तह केला. १७३९ मध्ये वसई गेली, आणि तिच्याबरोबर जहाजांच्या लाकडाचा मोठा पुरवठाही गेला. पुढे मराठ्यांनी 'सांतान' नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले, त्याच्या भरपाईपोटी १७७९ च्या तहात बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे कबूल झाली आणि नगरहवेली पोर्तुगीजांना मिळाली. तेथील सागाच्या जोरावर दमणच्या गोदीत १८४३ मध्ये 'दों फेर्नांदू' ही फ्रिगेट पाण्यात उतरली.

डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे आले, तेव्हा त्यांच्या आरमाराचा दरारा केव्हाच ओसरला होता. सावंतांचे कोल्हापूरकरांशी चाललेले वैर आणि त्यात हवी असलेली मदत यांतून पेडणे सुटले. कोणत्याही सेनापतीने ते जिंकले नाही. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दफ्तरांतून मराठ्यांशी झालेला जो व्यवहार उजेडात आणला, त्यात दरबारी वाटाघाटींचे हे वजन पानोपानी जाणवते. 'नव्या काबिजाती' या नावाने ओळखल्या गेलेल्या या महालांमुळे सीमा तेरेखोलपर्यंत सरकली आणि शापोऱ्याच्या किल्ल्याचे महत्त्व संपले.

विसाव्या शतकात या परंपरेच्या वाट्याला एकच मोठे जहाज उरले. १८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगाव बंदरात 'आफोंसो द आल्बुकेर्क' ही युद्धनौका कप्तान आंतोनियू द कुन्हा आरागांव याच्या हाताखाली उभी होती. भारतीय नौदलाच्या 'बेतवा' आणि 'बियास' या नौकांशी झालेल्या गोळीबारात तो गंभीर जखमी झाला आणि जहाज किनाऱ्याला लावण्यात आले. आरागांवने दिलेली झुंज नाकारण्याचे कारण नाही. पण त्या दिवशी गोव्याचे भवितव्य मुरगावच्या पाण्यात ठरत नव्हते. भारतीय लष्कर दोडामार्गाच्या बाजूने सीमा ओलांडून पणजीच्या रोखाने उतरत होते आणि दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा याने शरणागती पत्करली.